शिकवणीला आलेले पाहुणे

मंडळी, आयर्लंडचा नकाशा पाहिलात तर नैर्ऋत्येला पसरलेल्या बोटांसारखी काही द्वीपकल्पं समुद्रात शिरलेली दिसतील. त्यातलं एक डिंगलचं. त्याच्या अगदी टोकाला डनक्विन नावाचं गाव आहे आणि गावासमोर, मधली खवळती खाडी ओलांडली की, ग्रेट ब्लास्केट हे बेट. लांबी पाच-सहा किलोमीटर, रुंदी जेमतेम एक किलोमीटर. झाड असं जवळजवळ नाहीच. दुकान नाही, देऊळ म्हणजे चर्च नाही, पाद्री नाही, डॉक्टर नाही, दारूचा गुत्तासुद्धा नाही. वस्ती सर्वांत जास्त होती तेव्हा, म्हणजे १९१६ च्या सुमारास, १७६ माणसं. लाकडी कामट्यांच्या सांगाड्यावर कापड ताणून त्याला डांबर फासलेल्या हलक्या होड्यांतून ती मासे धरायची, डोंगरावर मेंढ्या चारायची, बटाटे लावायची आणि दलदलीतून कापून वाळवलेली पीट नावाची काळी माती चुलीत जाळायची. बेटाला 'राजा' होता. पण त्याचं मुख्य काम पलीकडून टपाल आणण्याचं!

या एवढ्याशा वस्तीतून १९२९, १९३३ आणि १९३६ अशा सात-आठ वर्षांत तीन आत्मचरित्रं निघाली आणि तिन्ही आयरिश वाङ्मयात अभिजात ठरली. हे कसं झालं, हा प्रश्न मला बरीच वर्षं छळत होता. बेटावरच्या माणसांच्या अंगच्या गुणांनी झालं, हे उत्तर खरं आहे, पण अपुरं आहे. गुण तर शेजारच्या बेटांवरही होते. मला सापडलेलं उत्तर असं की, ही तिन्ही पुस्तकं मैत्रीतून निघाली. एका बाजूला भाषा ज्यांच्या घरात होती ती गरीब माणसं, आणि दुसऱ्या बाजूला भाषा गमावलेली किंवा मुळात परकी असलेली शिकलेली माणसं. या मैत्रीचा जमाखर्च आज मांडायचा आहे.

थोडी मागची हकिगत सांगायला हवी. १८३१ पासून आयर्लंडमध्ये सरकारी शाळा निघाल्या, त्या इंग्रजीतून. १८४५ पासून बटाट्याच्या पिकावर रोग पडला, दुष्काळात दहा लाखांच्या आसपास माणसं मेली आणि तितकीच जहाजात बसून परागंदा झाली. मेले आणि गेले ते बहुतेक आयरिश बोलणारे गरीब. १८५१ च्या खानेसुमारीत आयरिश बोलणारे पंधरा लाखांवर होते. १८९१ मध्ये ते सात लाखांच्याही खाली आले. आयरिश म्हणजे दारिद्र्याची खूण, अशी समजूत आईबापांच्याच मनात घट्ट बसली. मुलगा अमेरिकेला जाणार, तिथं काय आयरिश बोलून पोट भरणार आहे?

अशा वेळी नोव्हेंबर १८९२ मध्ये डग्लस हाइड या प्रॉटेस्टंट पाद्र्याच्या मुलाने डब्लिनमध्ये एक व्याख्यान दिलं, आयर्लंडने इंग्रजाळलेपण टाकून दिलं पाहिजे असं सांगितलं, आणि पुढच्या वर्षी ऑयन मॅकनील वगैरे मंडळींबरोबर गेलिक लीगची स्थापना केली. लीगचे सभासद कोण? कारकून, शिक्षक, तरुण पाद्री, कॉलेजात जाणाऱ्या मुली. संध्याकाळी ऑफिस सुटल्यावर वर्गात बसून फादर ओ'ग्रोनी यांच्या पाठ्यपुस्तकातून ते आयरिश शिकत. पुस्तकातून व्याकरण येतं, पण जीभ वळत नाही. भाषा कानांवर पडायची तर पश्चिमेला जायला हवं, म्हणून उन्हाळ्याच्या सुट्टीत ही मंडळी पश्चिम किनाऱ्यावर जाऊ लागली. आधी अरन बेटांपैकी इनिशमानवर. मॅकनील तिथं १८९१ मध्ये, लीग स्थापन होण्याच्याही आधी गेला होता आणि पुढे १९१६ च्या उठावात फाशीची नव्हे, पण बंदुकीच्या गोळ्यांची शिक्षा झालेला पॅट्रिक पीअर्स १८९८ मध्ये. नंतर ब्लास्केटचा शोध लागला.

आता जरा हे दृश्य डोळ्यांसमोर आणा. ज्या बोलीसाठी शाळेत मान खाली घालावी लागायची, तीच शिकायला बूट-कॉलर घातलेली माणसं होडीतून ओकत ओकत बेटावर येताहेत आणि चुलीपाशी वही उघडून बसताहेत. बेटकऱ्यांना आधी हसू आलं असणार. डिंगलच्या भागात या पाहुण्यांना एक नावच पडलं होतं. 'ला ब्रा' म्हणजे आयरिशमध्ये 'छान दिवस आहे'. नवशिक्यांना एवढं एकच वाक्य धड येत असे आणि भेटेल त्याला ते तेच ऐकवत. म्हणून त्यांचं नाव 'ला ब्राज', म्हणजे 'छान-दिवसवाले'. ज्या मुलखात आठवड्यातले चार दिवस पाऊस, तिथं हे नाव ठेवणाऱ्याच्या जिभेचं कौतुक वाटतं.

या बेटावर टोमास ओ क्रोहन नावाचा कोळी राहत होता. जन्म १८५५-५६ च्या सुमाराचा. शाळेत त्याला इंग्रजी वाचता-लिहिता आलं. आयरिश फक्त जिभेवर होती, कागदावर ती त्याने पाहिलीच नव्हती. वारा फिरला की बेटकऱ्यांना डनक्विनमध्ये अडकून पडावं लागे. तिथल्या एका घरातली मुलं लीगच्या चळवळीमुळे शाळेत आयरिश वाचायला शिकत होती. ती टोमासला पुस्तकातल्या गोष्टी वाचून दाखवायची. ऐकता ऐकता त्याने पुस्तक स्वतःच हातात घेतलं. तेव्हा वय चाळिशीच्या पुढे. आपलीच भाषा आपल्याला मुलांकडून वाचायला शिकावी लागली याची खंत त्याच्या लिखाणात कुठेही नाही. उलट एक नवं हत्यार मिळाल्याचा आनंद आहे.

१९०७ मध्ये कार्ल मार्स्ट्रांडर नावाचा तरुण नॉर्वेजियन भाषाशास्त्रज्ञ बेटावर आला. हा काही चळवळ्या नव्हता, पण पुढच्या साऱ्या मैत्रीची वाट त्याने पाडली. उंच, खेळाडू, बांबूच्या आधाराने उडी मारण्यात पटाईत; होडीचं वल्हं टेकवून तो घराच्या छपरावरून उडी मारून गेला, अशी कथा बेटावर सांगितली जायची. लोक त्याला 'व्हायकिंग' म्हणायचे. तो राजाच्या घरी उतरला आणि आयरिश कोणाकडून शिकावी म्हणून चौकशी केली, तेव्हा राजाने टोमासचं नाव सांगितलं. पाच महिने शिकवणी चालली. टोमास दिवसभर समुद्रावर, आणि परत आल्यावर अंगावरचं खारं पाणी वाळायच्या आत हा वही घेऊन हजर. पैसे तो देत असे, आणि टोमासने ते घेतले. यात काही कमीपणा आहे असं दोघांनाही वाटलं नाही, हे मला महत्त्वाचं वाटतं. मार्स्ट्रांडर मायदेशी गेला आणि तिथून त्याने कागद पाठवले. जमिनीवरचा प्रत्येक प्राणी, आकाशातला पक्षी, समुद्रातला मासा, रानातली वनस्पती, सगळ्यांची नावं लिहून पाठव म्हणाला. टोमासने लिहून पाठवली. पन्नाशी ओलांडलेल्या कोळ्याचं लेखन असं, यादीपासून सुरू झालं.

आणि मग १९०९ चा ऑगस्ट आला.

ईव्हलीन निकल्स ही डब्लिनची तरुणी. विशीतली, पदवीधर, हुशार, गेलिक लीगच्या मध्यवर्ती कार्यकारिणीवर निवडून आलेली, पीअर्सच्या स्नेहमंडळातली. ती त्या उन्हाळ्यात बेटावर राहायला आली होती. टोमासची मुलगी केट हिच्याशी तिची गट्टी जमली. केटने हिला आयरिश शिकवायची आणि हिने केटला पोहायला, असा दोघींचा व्यवहार. तुम्हाला आश्चर्य वाटेल, पण समुद्रावर जन्म काढणाऱ्या बेटकऱ्यांपैकी बहुतेकांना पोहता येत नसे. १३ ऑगस्टला दोघी पाण्यात उतरल्या आणि ओढीत सापडल्या. टोमासचा मुलगा डोनल, अठराएक वर्षांचा, शेतात होता. त्याने ते पाहिलं आणि अंगावरच्या कपड्यांनिशी समुद्रात उडी घेतली. केटला दुसऱ्या एका बेटकऱ्याने वाचवलं. डोनल आणि ईव्हलीन बुडाले.

टोमासच्या आत्मचरित्रात ही हकिगत फार थोडक्यात येते. त्याच्या दहा मुलांपैकी कितीतरी अशीच गेली होती. एक कड्यावरून पडून, काही गोवर-डांग्या खोकल्याने. तो त्यांची नोंद करतो आणि पुढे जातो, कारण घरात जे उरले आहेत त्यांना खायला घालायचं असतं. पण या प्रसंगाशी तो जरा थांबतो. लोकांना वाटत होतं, पाहुणीपायी मुलगा गेला, तेव्हा तिच्या माणसांशी हा नीट बोलणार नाही. टोमासचं म्हणणं, मी इतका अविचारी कधीच नव्हतो. माझा मुलगा गेला, पण त्यात त्यांचा काय दोष? मी हा भाग जितक्या वेळा वाचतो तितक्या वेळा मला वाटतं की, भाषेच्या चळवळीच्या इतिहासात सभा, ठराव आणि व्याख्यानं यांना जेवढी पानं मिळतात, तेवढी या एका उत्तराला मिळायला हवीत. डब्लिनमध्ये ईव्हलीनसाठी शोक झाला, वर्तमानपत्रांत लेख आले. डोनलचं नाव त्या लेखांच्या शेपटाला.

टोमासने दार बंद करून घेतलं असतं तर कुणी त्याला नावं ठेवली नसती. त्याने ते केलं नाही. पुढच्याच वर्षी, १९१० मध्ये, त्याच दारात रॉबिन फ्लॉवर उभा राहिला. इंग्लंडमधल्या लीड्सचा हा मुलगा ब्रिटिश म्युझियमच्या हस्तलिखित विभागात नोकरीला होता. डब्लिनमध्ये तो जुनी आयरिश शिकायला गेला, शिकवणारा मार्स्ट्रांडर. त्यानेच ब्लास्केटचा पत्ता दिला. आयर्लंडवर राज्य करणाऱ्या देशातला माणूस, तिथल्या सरकारी संग्रहालयाचा नोकर, पण बेटाने त्याला 'ब्लॉहीन' म्हणजे 'फुलुला' असं लाडाचं नाव दिलं. त्याच्या आडनावाचंच ते भाषांतर. तो वर्षानुवर्षं येत राहिला, पुढे बायकोमुलांसह. टोमास सांगायचा आणि फ्लॉवर लिहून घ्यायचा. टोमासच्या पुस्तकाचं इंग्रजी भाषांतर १९३४ मध्ये त्यानेच केलं. १९४६ मध्ये तो वारला तेव्हा त्याची रक्षा बेटावर आणून वाऱ्यावर सोडली.

फ्लॉवरबद्दल इंग्रजीत भरपूर लिहिलेलं सापडतं. ज्याच्याबद्दल कमी सापडतं त्याच्याकडे आता वळतो, कारण माझ्या मते या सगळ्या मित्रांत मोठा तोच. ब्रायन केली. किलार्नीचा, शिकलेला, तब्येतीने आणि स्वभावाने थोडा एकटा. १९१७ मध्ये तो आयरिश सुधारायला बेटावर आला आणि टोमासकडे शिकवणीला बसू लागला. इथवर सगळं नेहमीचंच. पण केलीच्या लक्षात एक गोष्ट आली, जी आधीच्यांच्या आली नव्हती. आधीचे टोमासकडून जुन्या कथा, शब्द, गाणी, म्हणी मागत. म्हणजे टोमासच्या आजोबा-पणजोबांचं जे होतं ते. टोमासला स्वतःला काय म्हणायचं आहे, हे कोणी विचारलंच नव्हतं. केली म्हणाला, रोज बेटावर काय घडतं, कोण काय बोलतं, ते लिही.

टोमासला हे पटेना. मासे धरले, पीट कापली, शेजारणी भांडल्या, यात लिहिण्यासारखं काय आहे? असलं कोण वाचणार? मग केलीने एक युक्ती केली. त्याने पिएर लोतीची आइसलंडच्या समुद्रावरच्या कोळ्यांची कादंबरी आणि मॅक्झिम गॉर्कीचं लेखन टोमासला वाचून दाखवलं. फ्रान्समधले कोळी, रशियातले हमाल-भटके! टोमास ऐकत राहिला. आपल्यासारख्या माणसांचं आयुष्य पुस्तकात बसतं, हे त्याला ब्रिटनीच्या कोळ्यांनी पटवलं, डब्लिनच्या व्याख्यात्यांनी नाही. भाषेच्या चळवळीतला हा क्षण मला फार मोठा वाटतो. आयरिश शुद्ध राहावी म्हणून बाहेरचा वारा लागू न देणारे पुष्कळ होते. केलीने बाहेरचा वारा मुद्दाम आत आणला, आणि त्यातून शंभर टक्के आयरिश असं काहीतरी निघालं.

केली गेला, पण कागद पाठवत राहिला. टोमास पानं लिहून टपालाने धाडू लागला. या रोजनिशीतून १९२८ मध्ये एक पुस्तक झालं. मग केलीने आग्रह धरला, आता स्वतःचं आयुष्य लिही. तेही आलं: 'अन तिलॉनाख', म्हणजे 'बेटावरचा माणूस', १९२९. तोवर केली आयर्लंड सोडून युरोपात गेला होता. १९३६ मध्ये युगोस्लाव्हियात स्प्लिट या गावी तो वारला. पुढच्या मार्चमध्ये टोमासही गेला. केलीच्या स्वतःच्या नावावर एकही गाजलेलं पुस्तक नाही.

दोन्ही पुस्तकं छापखान्यापर्यंत नेली ती पॅड्रिग ओ शुहरू यांनी. डिंगलजवळचेच, लीगचे फिरते संघटक. 'अन शाउक' म्हणजे 'ससाणा' हे त्यांचं टोपणनाव. त्यांच्या कष्टांबद्दल वाद नाही. पुस्तक अचानक तुटल्यासारखं संपतं असं वाटून त्यांनी टोमासकडून शेवटचं प्रकरण मागून घेतलं, आणि आपल्यासारखे लोक पुन्हा होणार नाहीत या अर्थाचं जे वाक्य आयर्लंडमध्ये म्हणीसारखं वापरलं जातं ते त्या मागून घेतलेल्या प्रकरणातलं. पण ससाण्याने चोचही चालवली. पुनरुक्ती काढली ते ठीक. पण तरुणपणीची थट्टामस्करी, मुलींबरोबरचे धसमुसळे प्रसंग हेही सौम्य केले. नव्या राष्ट्राला शाळेत लावण्याजोगा बेटकरी हवा होता. १९२२ नंतर आयरिश ही स्वतंत्र राज्याची भाषा झाली होती, शाळांत सक्तीची झाली होती, आणि बेटकऱ्याकडे माणूस म्हणून कमी, नमुना म्हणून जास्त पाहिलं जाऊ लागलं होतं. हा या मैत्रीतला धोका. शिकायला आलेला माणूस हळूहळू परीक्षक होतो.

हा धोका ज्याने ओळखला तो जॉर्ज थॉमसन. लंडनचा, केंब्रिजमध्ये ग्रीक शिकणारा, आयरिश स्वातंत्र्याबद्दल आस्था असलेला वीस वर्षांचा मुलगा. १९२३ च्या ऑगस्टमध्ये बेटावर आला. त्याची दोस्ती झाली मॉरिस ओ'सलिव्हनशी, जो त्याच्याहून एखादं वर्ष लहान. यांच्यात गुरू-शिष्य असं काही नव्हतं, दोघंही पोरं. ससे धरायला डोंगरावर जायचं, नाच, गाणी, रात्री उशिरापर्यंत गप्पा. गंमत अशी की मॉरिसची आई तो तान्हा असताना वारली होती, त्याचं बालपण डिंगलमध्ये इंग्रजीत गेलं आणि सातव्या वर्षी बेटावर परत आल्यावर तो आयरिश शिकला. म्हणजे आयरिशमधल्या सगळ्यात उल्हसित पुस्तकाचा लेखक हादेखील एका अर्थी शिकवणीचाच विद्यार्थी!

मॉरिसचे भाऊबंद अमेरिकेला निघाले होते. बेटावरची बहुतेक तरुण मंडळी मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्डला जात, इतकी की तिथं एक दुसरं ब्लास्केटच वसलं. थॉमसनने मॉरिसला थांबवलं आणि नव्या आयरिश पोलीस दलात भरती व्हायला लावलं. १९२७ मध्ये तो शिपाई झाला, कॉनेमाराच्या आयरिशभाषक भागात नेमणूक झाली, आणि तिथं ठाण्यात बसून त्याने बालपणाचं पुस्तक लिहिलं. 'वाढीची वीस वर्षं' हा त्याच्या नावाचा अर्थ. १९३३ मध्ये मूळ पुस्तक आणि थॉमसन व मोया लुएलिन डेव्हिस यांचं इंग्रजी भाषांतर, दोन्ही निघाली. भाषांतराला ई. एम. फॉर्स्टरने चार शब्द लिहिले.

थॉमसनला बेटाने काय दिलं? होमर! तो सांगे की, महाकाव्यांतली भाषा ही पोथीतली नसून बोलणाऱ्यांच्या तोंडची आहे हे मला ब्लास्केटच्या विहिरीपाशी, बायामाणसांचं बोलणं ऐकताना कळलं. पुढे तो ग्रीक विद्येतला आणि मार्क्सवादी विचारातला मोठा माणूस झाला. पण त्याआधी, १९३१ ते १९३४, गॉलवेच्या विद्यापीठात त्याने आयरिश माध्यमातून ग्रीक शिकवलं, प्लेटो आयरिशमध्ये आणला. त्याचं म्हणणं असं होतं की बेटकऱ्यांकडून नुसतं घेऊ नका, त्यांना जगातलं ज्ञान त्यांच्या भाषेत द्या. गेल्टाख्त म्हणजे आयरिशभाषक खेड्यांत व्याख्यानं नेण्याची त्याची योजना होती. तिला पाठबळ मिळालं नाही, आणि तो नोकरी सोडून इंग्लंडला परतला. मॉरिसचं पुढचं पुस्तक प्रकाशकाने नाकारलं. १९५० च्या जूनमध्ये तो गॉलवेच्या किनाऱ्यावर पोहताना बुडाला. मित्राने त्याला अमेरिकेपासून वाचवलं ते बरं केलं की वाईट, यावर मी अनेकदा विचार करतो. पुस्तक तर आम्हाला मिळालं.

तिसरं आत्मचरित्र पेग सेअर्सचं. ही डनक्विनची मुलगी लग्न होऊन बेटावर आली. कथा सांगण्यात तिच्या तोडीचं कोणी नव्हतं. तिला आयरिश लिहिता येत नव्हतं. तिने सांगितलं, मुलगा मायकेलने उतरवून घेतलं, आणि डब्लिनच्या मेरी नी खिनेदे या कार्यकर्तीने १९३६ मध्ये ते प्रसिद्ध केलं. ही बाई गंमतीची. गेलिक लीगच्या पहिल्या पिढीतली, आणि कॅमोगी हा बायकांचा मैदानी खेळ उभा करणाऱ्यांपैकी. पण पुस्तकातली पेग मात्र सोशिक, देवभोळी, दुःखाने वाकलेली. ते पुस्तक पुढे अनेक दशकं शाळेत लावलं गेलं आणि आयर्लंडच्या पिढ्यान्पिढ्या 'पेग' या नावाने कण्हत आल्या. लोकसाहित्य आयोगाच्या शोसेफ ओ डाली यांनी तिच्याकडून शेकडो कथा टिपून घेतल्या. त्यातली पेग मिस्कील आहे, धीट आहे, पाईप ओढत ऐकणाऱ्याची फिरकी घेते. दोन्ही पेग खऱ्याच, पण परीक्षेला एकच आली.

या नमुनेगिरीची सगळ्यात कडक टर उडवली ती फ्लॅन ओ'ब्रायनने, १९४१ मध्ये, तीही आयरिशमध्येच. त्याच्या कादंबरीत एक भाषाप्रेमी संग्राहक अंधारात डुकराचं घुरघुरणं ध्वनिमुद्रित करून नेतो आणि ती अस्सल, दुर्मीळ आयरिश म्हणून विद्वानांत वाखाणली जाते. दुसऱ्या प्रसंगी आयरिश भाषेवर आयरिशमध्ये भाषणं चालू असतात आणि ऐकणारे गरीब भुकेने कोसळतात. हा ओ'ब्रायन टोमासच्या पुस्तकाचा मोठा चाहता होता, हे विसरू नये. त्याचा राग टोमासवर नव्हता.

कारण भुकेने कोसळणं ही काही कल्पना राहिली नव्हती. टोमासची सून आयलीश हिने जॉर्ज चेंबर्स नावाच्या लंडनच्या एका पाहुण्याला १९३१ पासून वीस वर्षं पत्रं लिहिली. त्याला आयरिश येत नसल्याने ती इंग्रजीत आहेत. आयरिश शिकणाऱ्या पाहुण्यांना न सांगितलेल्या गोष्टी तिने या परक्या भाषेत सांगितल्या, असं मला ती पत्रं वाचताना वाटत राहिलं. उन्हाळ्यात येणाऱ्यांना बेट सुंदर दिसतं. हिवाळा आम्ही काढतो, हा त्यांचा सूर. मुलं उरली नाहीत म्हणून १९४१ मध्ये शाळा बंद झाली. पुढच्या वर्षी आयलीश नवरा आणि मुलीसह पलीकडे राहायला गेली. त्याच सुमारास पेगही गेली.

१९४७ च्या जानेवारीत चोवीस वर्षांचा एक तरुण बेटावर मेंदूज्वराने गेला. वादळामुळे डॉक्टर नाही, पाद्री नाही, शवपेटीसुद्धा पलीकडून आणता येईना. एप्रिलमध्ये बेटाने पंतप्रधान डी व्हॅलेरांना तार केली: वादळाने अडकलो आहोत, खायला काही नाही, अन्न पाठवा, अशा अर्थाची. तार इंग्रजीत होती. डी व्हॅलेरा स्वतः गेलिक लीगच्या वर्गात आयरिश शिकलेले. शिकवणाऱ्या बाईंशीच त्यांनी लग्न केलं. जुलैत ते नौदलाच्या बोटीने बेटावर आले, लोकांशी आयरिशमध्ये बोलले. बेटकऱ्यांनी त्यांच्याकडे भाषेसाठी काही मागितलं नाही. आम्हाला इथून हलवा, एवढंच मागितलं. ते व्हायला आणखी सहा वर्षं लागली. १७ नोव्हेंबर १९५३ ला हलवण्याचं काम सुरू झालं तेव्हा बेटावर बावीस माणसं उरली होती, आणि त्या दिवशीही समुद्र इतका खवळलेला होता की सगळ्यांना निघता आलं नाही. डनक्विनच्या बाजूला त्यांना घरं मिळाली. दारातून बेट समोर दिसायचं.

मग चूक कोणाची, असं कोणी विचारलं तर मी मित्रांना त्यातून वगळीन. केलीकडे, फ्लॉवरकडे, थॉमसनकडे धक्का बांधायला पैसे नव्हते, की डॉक्टर नेमायचा अधिकार नव्हता. जे त्यांच्या हातात होतं ते त्यांनी दिलं: वेळ, कागद, तंबाखू, पत्रांची उत्तरं, आणि तुझं म्हणणं ऐकण्यासारखं आहे हा विश्वास. ज्यांच्या हातात धक्का होता त्यांनी पुस्तक शाळेत लावलं.

टोमासच्या पुस्तकाची कथा मात्र तिथं संपली नाही. १९७३ मध्ये त्याचा नातू पॅड्रिग उआ मेलोन याने नवी आवृत्ती काढली. हाही पेशाने पोलीस, आणि पुढे कोशकार. २००२ मध्ये शॉन ओ कुलॉन या प्राध्यापकांनी मूळ हस्तलिखित समोर ठेवून टोमासचा मजकूर पुन्हा उभा केला, आणि त्यावरून २०१२ मध्ये नवं इंग्रजी भाषांतर झालं. त्यात टोमास अधिक बडबड्या आहे, अधिक खोडकर आहे, कधी कधी चक्क कंटाळवाणाही आहे. पीट कापायला डोंगरावर एकटा गेलेल्या या तरुणाला बेटावरच्या मुली येऊन घेरतात आणि त्याचा सगळा दिवस वाया घालवतात, तो प्रसंग तर तुम्ही जरूर वाचा. कामाचा खोळंबा झाला म्हणून तो कुरकुरतो आहे, पण मुली निघून गेल्यावर काही त्याला लगेच फावडं उचलवत नाही.